ती झोपलीय, अक्का

नांदेड
१६ जून

प्रिय पुनम,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, आपल्या जावयाच्या, लखनच्या हातात देते आहे. त्याला सांगितलंय, बाळ झोपलेलं असेल आणि तू जेवून बसलेली असशील तेव्हा दे. चार महिने होत आले, तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात मला, पण उत्तर येत नाही. मी रागावलेले नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांकडून पत्रलेखन करून घेतलं, पाच गुणांचा प्रश्न असायचा. स्वतःवर वेळ आली तेव्हा तीन दिवसांत सहा कागद फाडले. हा सातवा. मध्येच टाकून देऊ नकोस बेटा, शेवटपर्यंत वाच. तुला जे सांगायचंय ते एका दमात सांगण्यासारखं नाही.

आधी त्या फोटोंचं. तुझ्या आईच्या तेराव्याला पंगती उठल्या, पत्रावळी गोळा करत होतो, तेव्हा तू बाळाला खांद्यावर घेऊन माझ्याजवळ आलीस आणि एवढंच म्हणालीस, "मावशी, तुझे फोटो छान आले होते." आणि आत गेलीस. त्याच्यापुढे तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. ते वाक्य मी रोज ऐकते. भांडी घासताना ऐकते, देवापुढे दिवा लावताना ऐकते.

त्या सहलीचं मला कुणी काही विचारलं नाही. कसं विचारतील? तुझ्या काकांनी पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कालव्याचं पाणी मोजलं, पण जहाजातून समुद्र पाहिला नव्हता. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आमच्या लेकाने, हरिओमने बंगळूरहून तिकिटं काढून पाठवली. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप, कोची आणि परत मुंबई. पाच दिवस. जहाज म्हणजे मला वाटलं होतं मोठी नाव असेल. ते तर अख्खं उदगीर मावेल एवढं होतं गं. दहा-अकरा मजले, आत लिफ्ट, आत दुकानं, पोहायचा हौद. पहिल्या दिवशी काकांना सारखी उलटी झाली आणि मी त्यांच्या डोक्याशी लिंबू धरून बसले. दुसऱ्या दिवशी ते बरे झाले आणि मग आम्ही दोघं लहान पोरांसारखे फिरलो. जेवायला पन्नास प्रकार, आणि काका वरणभात शोधत हिंडायचे. सोलापूरकडच्या चौघी बायका ओळखीच्या झाल्या. त्यांनी मला ओढून नाचायला नेलं. माझ्या डोक्यावर कुणाची तरी गवताची टोपी, नखांना लाल रंग, आयुष्यात पहिल्यांदा घातलेला पंजाबी ड्रेस. एकोणसाठाव्या वर्षी. काकांनी फोटो काढले. मी खूप आनंदात होते, पुनम. खोटं कशाला लिहू. गेल्या कित्येक वर्षांत एवढी हसले नव्हते.

समुद्रात फोनला रेंज नव्हती. एकोणीस फेब्रुवारीला आम्ही लक्षद्वीपच्या एका बेटावर उतरलो. त्या दुपारी मी गुडघाभर निळ्या पाण्यात उभी होते आणि तुझ्या आईची आठवण काढून काकांना म्हणत होते, ताराला हे दाखवायला पाहिजे, तिनं मांजरा नदीपलीकडं पाणी पाहिलं नाही. ती वेळ मी नंतर लावून पाहिली. त्याच सुमाराला देवणीला तुम्ही तिला शेवटचं घेऊन निघाला होता.

वीस तारखेला सकाळी कोची आलं. बंदराला लागताच फोनला जीव आला. मी घाईघाईने तीन दिवसांचे सगळे फोटो 'आपली माणसं' ग्रुपवर टाकले. एकोणतीस फोटो. मग बघते तर तुझ्या आईचे अठरा तारखेच्या संध्याकाळचे दोन मिस्ड कॉल. लगेच फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तुझ्या बाबांनी उचलला. मागं माणसांचा आवाज होता, कुणीतरी पाणी आणा म्हणत होतं. मला वाटलं, सोयाबीनचे व्यापारी आले असतील. मी म्हटलं, "भुजंगराव, ताराला द्या." ते म्हणाले, "ती झोपलीय, अक्का. तुम्ही फिरा निवांत." मी म्हटलं, इतक्या उशिरापर्यंत? तर म्हणाले, "हाव. दमली होती लई." मी हसून फोन ठेवला. नंतर ग्रुपवर त्यांच्या फोनवरून हात जोडल्याची खूण आली. मी काकांना म्हटलं, बघा, भाऊजींना फोटो आवडले.

ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून तुझी आई आयुष्यभर चेष्टा करायची, तो माणूस राख सावडून नुकताच घरी आला होता, आणि माझी सहल मोडू नये म्हणून माझ्याशी असं बोलला. ग्रुपमधल्या कुणीच मला कळू द्यायचं नाही, असंही त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं. हे मला हरिओमकडून कळलं. ते म्हणाले होते, "अक्का समुद्रात हाय, तिथून उडी मारून येणार हाय का? येऊ द्या माघारी, मग सांगू." त्या गडबडीत ते तुझ्यापर्यंत आलं नसेल, तुला वाटलं असेल, मावशीला माहीत होतं आणि तरी ती नाचत राहिली. माहीत नव्हतं बेटा. मला काहीच माहीत नव्हतं.

तेवीस तारखेला सकाळी देवगिरी एक्सप्रेसने आम्ही नांदेडला उतरलो. फलाटावर हरिओम उभा. तो बंगळूरला असायला हवा होता. मला वाटलं, आश्चर्याचा धक्का द्यायला आला. मी लांबूनच हात हलवला. त्यानं हात हलवला नाही. बॅगा उचलल्या, वडिलांच्या पाया पडला, माझ्याकडं बघितलंच नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "घरी नाही जायचं. आधी देवणीला जायचंय." मी विचारलं, कामून? तो म्हणाला, "मावशीची तब्येत बरी नाही." लोहा गेलं, अहमदपूर जवळ आलं. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहानपणी रडायचा तसा रडला. काय झालं ते त्याला तोंडाने सांगावं लागलं नाही.

मी रडले नाही. मी नखं बघत होते. तो लाल रंग निघता निघेना. उदगीर येईपर्यंत मी किल्लीनं नखं खरवडत होते, बोटातून रक्त आलं. अंगावर फुलाफुलांची साडी होती, मुंबईत आदल्या सकाळी हौसेने नेसलेली. उदगीरच्या बसस्टँडसमोर हरिओमने एक पांढरट सुती साडी घेतली आणि मी गाडीतच ती वरून गुंडाळली. अशी मी माझ्या धाकट्या बहिणीच्या दारात आले. पाचव्या दिवशी.

तुझे बाबा ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. डोकं भादरलेलं, मिशा काढलेल्या. मिशांशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आधी ओळखलंच नाही. ते उठले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "प्रवासात जेवलात का?" दुसरं काही नाही.

आता तेराव्याचं. माझ्या गळ्यात अडकलेलं तेच आहे. जेवणं उरकली होती, गाव अजून मांडवात होतं. तुझे बाबा बैलाला पाणी दाखवून येत होते आणि तू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. तू काय बोललीस ते तुला आठवत असेलच, पण मी लिहिते, कारण मी तिथेच, चार हातांवर होते. तू म्हणालीस, "बैलाच्या खुराला काटा लागला तर उदगीरहून डॉक्टर आणता. प्रदर्शनात त्याचा नंबर यावा म्हणून त्याला महिनाभर तेल चोळता. माझी आई दोन हंडे पाणी आणताना चार वेळा बसत होती, मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, तिला दवाखान्यात न्या. नेलं का? तुम्ही मारलं माझ्या आईला." तुझ्या बाबांनी मान वर केली. पुनम, त्यांनी तुझ्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग मान खाली घातली आणि गोठ्याकडं वळले.

त्यांना त्या वेळी एक वाक्य बोलता आलं असतं. 'अक्कानं तिला नांदेडला दाखवलं होतं.' तेवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी तुझ्या आईला तीनदा म्हटलं होतं, चल लातूरला दाखवू, आणि तिनं तिन्ही वेळा सांगितलं होतं, "अक्कानं नांदेडला दाखवलंय, अंगात रक्त कमी हाय म्हणाले, गोळ्या चालू हायेत." त्यांनी विश्वास ठेवला, कारण मी शिकलेली, मी मास्तरीण, मी दाखवलं म्हणजे नीटच दाखवलं असणार. ते बोलले असते तर सगळ्या मांडवाने माझ्याकडं वळून बघितलं असतं आणि मला खरं सांगावं लागलं असतं. ते बोलले नाहीत. आणि मी हातात वरणाची बादली घेऊन उभी राहिले. मीही बोलले नाही. जहाजावर नाचल्याबद्दल तू मला माफ केलंस तरी चालेल, पण त्या उभं राहण्याबद्दल माफ करू नकोस.

आता खरं सांगते. मागच्या ऑगस्टमध्ये, पोळ्यानंतर, तुझी आई चार दिवस माझ्याकडं नांदेडला आली होती. तुला सहावा महिना होता. जिना चढताना तिला दम लागला, मधल्या पायरीवर बसली आणि ओठ निळे पडलेले मी बघितले. दुसऱ्याच दिवशी तिला हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलं, हृदयातली एक झडप आवळून आलीय, दार नीट उघडत नाही. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा ना तिला, तो तेव्हा हृदयात उतरला होता म्हणाले. फुग्याने झडप मोकळी करता येईल का बघू, नाही तर ऑपरेशन. दोन महिन्यांच्या आत करा, आणि नंतर सहा महिने जड काम नाही. तुझी आई सगळं ऐकून घेऊन बाहेर आली आणि दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "अक्का, पुनमचं बाळंतपण होऊ दे. मग काय ते करू."

मी भांडले तिच्याशी. खूप भांडले. म्हटलं, पुनमची सासू करील, मी करीन, बाई ठेवू. ती म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरात व्हायला पाहिजे. दोनदा पोटातच गेलं तिचं. आता तिसऱ्यांदा तिला कळलं की आई मरायला टेकलीय, तर काय होईल? तू सांग." मग मी म्हटलं, निदान भुजंगरावांना सांगू. ती म्हणाली, "त्यांना सांगितलं की उद्या लातूरपर्यंत गेलंच." आणि माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझी शपथ हाय तुला. कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी शपथ घेतली. कुणालाही बोलले नाही. आणि तिचं मेलेलं तोंडही मला बघायला मिळालं नाही.

पुनम, इथं कागद खाली ठेवू नकोस. मला ठाऊक आहे तुझ्या मनात आता काय येईल. नोव्हेंबरात तू माहेरी आलीस, सव्वा महिना तिनं तुला चुलीवरच्या कढत पाण्याने न्हाऊ घातलं, बाळाला मांडीवर तेल लावलं, शेकशेगडी केली, डिंकाचे लाडू वळले. ती ते सगळं करत होती तेव्हा तिचं हृदय असं होतं, हे वाचून तुला काय वाटेल याचा विचार करूनच सहा कागद फाडले. पण एक गोष्ट ऐक. डिसेंबरात मी बाळाला बघायला आले होते. तू आत झोपली होतीस. ती उन्हात पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ पालथं, आणि ती त्याच्या पाठीवर तेलाचा हात फिरवत होती, दम लागला की थांबत होती, परत फिरवत होती. मी म्हटलं, तारा, बास आता. तर म्हणाली, "अक्का, मी लई सुखात हाय. मधी बोलू नको." हे मी तुला बरं वाटावं म्हणून बनवून लिहीत नाही. तिनं जे केलं ते तिनं ठरवून केलं. तू मागितलं नव्हतंस. तुला माहीतच नव्हतं. माहीत फक्त तिला होतं आणि मला होतं. म्हणून त्यातला दोष कुणाला द्यायचाच असेल तर तो पहिला माझ्याकडं येतो, आणि तुझ्यापर्यंत पोहोचतच नाही.

तो माझ्याकडंच का येतो, तेही सांगते. जानेवारीच्या शेवटी तू लातूरला परत गेलीस. मी लगेच डॉक्टरांना भेटून आले. त्यांनी तारीख दिली अठरा फेब्रुवारी. दाखल व्हायचं, तपासण्या, आणि दोन दिवसांनी झडप उघडायची. मी तिला नांदेडला आणायचं आणि तिच्याजवळ राहायचं असं ठरलं. भुजंगरावांना आणि तुला दाखल झाल्यावर सांगायचं, हेही ठरलं. आणि आमचं जहाज सतरा तारखेला सुटणार होतं. हरिओमने तिकिटं आधीच काढलेली होती. मी आठ दिवस त्याच विचारात होते. मग ताराला फोन केला. म्हटलं, काय करू गं, जाऊ का नको? ती म्हणाली, "जा की. सहा महिने थांबलो, आठ दिवसांनी काय बिघडतंय? भावोजींनी जन्मभर कालव्यावर काढला, त्यांना समुद्र बघू दे." मी म्हटलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. आणि मी दवाखान्यात फोन करून तारीख पुढं ढकलली.

पुनम, मी तिला विचारायला फोन केलाच नव्हता. तिनं जा म्हणावं म्हणून केला होता. ती कुणाला नाही म्हणणारी बाई नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी जन्मभर तिचं उत्तर आधी ठरवून तिला प्रश्न विचारले. अठरा तारखेला ती दवाखान्यात दाखल झालेली असती. एकोणीस तारखेला सकाळी तिचा श्वास कोंडला तेव्हा ती शेजारच्यांच्या गाडीत, तुझ्या बाबांच्या मांडीवर, उदगीरच्या रस्त्यावर नसती. डॉक्टर पलीकडच्या खोलीत असते. वाचली असती की नाही, देव जाणे. पण तिच्यापाशी ऑक्सिजन असता. अठराच्या संध्याकाळी तिनं मला दोनदा फोन केला तो कशाला, तेही आता कधी कळणार नाही. सहज केला असेल. किंवा त्रास सुरू झाला असेल आणि ज्या एकाच माणसाला खरं सांगता येत होतं त्याला तिनं फोन लावला असेल. त्या संध्याकाळी मी जहाजावर नाचत होते. सोलापूरच्या बायकांसोबतचा तो फोटो त्याच वेळचा.

एप्रिलमध्ये एका दुपारी तुझे बाबा एसटीने नांदेडला आले. एकटे, न सांगता. खुर्चीवर बसले नाहीत, दाराशी जमिनीवरच बसले. खिशातून रुमाल काढला, त्यात गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या होत्या. तुझ्या आईच्या शिकेकाईच्या डब्यात सापडल्या म्हणाले. "अक्का, मला इंग्रजी वाचता येत न्हाई. देवणीच्या मेडिकलवाल्याला विचारणार होतो. मग वाटलं, आधी तुम्हाला विचारावं." मी त्यांच्यासमोर बसले आणि पायरीवरच्या निळ्या ओठांपासून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, माझं जहाजही नाही. मला वाटलं, हा माणूस आता उठेल आणि मला काय बोलेल ते बोलेल. बोलायला हवं होतं त्यांनी. त्यांनी त्या पट्ट्या रुमालावर एकाखाली एक लावल्या. मग विचारलं, "तिला लई त्रास व्हायचा का?" मी म्हटलं, दम लागायचा. ते म्हणाले, "मला म्हणायची, वय झालं." मग पाणी मागितलं, प्याले, पट्ट्या परत रुमालात बांधल्या. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. जाताना दारात त्यांनी माझ्याकडून एक शब्द घेतला.

त्यानंतर मी दोनदा देवणीला जाऊन आले. तू गेली नाहीस म्हणून तुला सांगते. बैलजोडी त्यांनी देऊन टाकली. तो प्रदर्शनात पहिला आलेला देवणी बैलसुद्धा. गोठा रिकामा आहे. माणूस भाकरी करून घेतो आणि अर्धी तशीच ठेवतो. अंगावरचा सदरा लोंबतो. शेजारच्या शांतम्मा मला म्हणाल्या, दिवसदिवस बोलत न्हाईत, कुणी विचारलं तर म्हणतात, माझ्या हातून चूक झाली. त्यांना माहीत आहे की चूक त्यांची नाही, तरी तेच म्हणतात.

आणि मागच्या रविवारी तुझ्या लेकीचं जावळ झालं. लखनने बोलावलं म्हणून मी आले. हरिओमच्या मांडीवर बाळ बसलं होतं, तू त्याला हसवत होतीस, आणि किती महिन्यांनी मी तुला हसताना बघितलं. मी जरा वाऱ्याला गॅलरीत आले. खाली रस्त्याच्या पलीकडं, लखनच्या क्लासच्या पाटीखाली तुझे बाबा उभे होते. धुतलेलं धोतर, नवा रुमाल डोक्याला, हातात एक पिशवी. तू त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतंस, ते मला नंतर कळलं. ते वर गॅलरीकडं बघत होते. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं तेव्हा त्यांनी रुमाल काढून हातात घेतला, देवळासमोर काढतात तसा. मी त्यांना वर या म्हणून हात केला. त्यांनी मान हलवली, नाही. मी जिना उतरून खाली जाईपर्यंत ते गेले होते. मी बसस्टँडपर्यंत रिक्षाने मागं गेले, पण गर्दीत सापडले नाहीत.

त्या दिवशी एप्रिलमध्ये माझ्या दारात त्यांनी जो शब्द घेतला तो असा होता, "अक्का, पुनमला हे कधीच सांगू नका. माझ्या बाळंतपणापायी आई गेली, असं तिच्या मनानं घेतलं तर ती पोर जगायची न्हाई. त्यापरीस बापानं मारलं असं वाटू द्या तिला. बापावरचा राग माणूस सोसू शकतो." मी हो म्हटलं, पुनम. तुझ्या आईची शपथ पाळली तशीच त्यांचीही पाळायची असं ठरवलं होतं. पण एक शपथ पाळून मी एक माणूस घालवलं, आणि त्या रविवारी रस्त्यापलीकडं उभं असलेलं दुसरं माणूस मला दिसलं. म्हणून हे पत्र. मी त्यांचा शब्द मोडते आहे, त्यांना न सांगता. तुला हे वाचून जड जाईल, मला ठाऊक आहे. तू रडशील, कदाचित मला कधीच क्षमा करणार नाहीस. चालेल. तू बाई आहेस, आई आहेस, तू हे उचलू शकतेस, असं मी ठरवलंय. चूक ठरवलं असेल तर त्याचाही दोष माझाच. फक्त एवढं कर. लातूरहून सकाळी साडेसातला देवणीची गाडी आहे. बाळाला घेऊन जा. माझ्याबद्दल, पत्राबद्दल, गोळ्यांबद्दल त्यांना काही बोलू नकोस, माफी मागू नकोस, त्यांनाही काही विचारू नकोस. जाऊन त्यांच्या मांडीवर बाळ ठेव आणि चुलीवर भाकरी टाक. आणि ते पूर्ण जेवले की नाही, तेवढं मला कळव. नुसतं 'जेवले' लिहिलंस तरी पुरे.

तुझीच,
दीपा मावशी